तूट कोणी सोसायची? न्यूयॉर्कच्या महापौरपदाचे उमेदवार आणि रिकामी तिजोरी

विशेष प्रतिनिधी

१५ डिसेंबर १९७३ रोजी न्यूयॉर्क शहरातील वेस्ट साइड हायवे या उन्नत रस्त्याचा एक भाग कोसळला आणि त्यावरून चाललेला मालमोटारीसह एक कार खाली आली. विशेष म्हणजे, त्या मालमोटारीत डांबर होते आणि ते त्याच रस्त्याच्या दुरुस्तीसाठी नेले जात होते. या घटनेच्या सव्वा महिना आधी शहराने नवा महापौर निवडला होता. एब्राहम बीम हे त्यांचे नाव. व्यवसायाने हिशेबनीस, शहराच्या अर्थसंकल्प विभागाचे माजी प्रमुख आणि दोन वेळा मुख्य लेखानियंत्रक राहिलेले हे गृहस्थ 'पैशाची जाण असलेला माणूस' या घोषणेवर निवडून आले होते. मतदारांना ती घोषणा पटण्याजोगीच होती. शहराचे हिशेब इतकी वर्षे ज्याच्या हाताखालून गेले, त्याला तिजोरीची स्थिती ठाऊक नसेल तर कोणाला असेल? बीम यांनी १ जानेवारी १९७४ रोजी सूत्रे हाती घेतली. सव्वा वर्ष उलटते न उलटते तोच शहराला कर्ज देण्यास एकही बँक तयार होईना.

नागरी अर्थकारणाच्या इतिहासात न्यूयॉर्कची १९७५ ची दिवाळखोरी हा विषय वारंवार चर्चिला जातो. त्या मानाने तिच्यानंतरची १९७७ ची महापौरपदाची निवडणूक कमी लक्षात राहिली आहे. उमेदवार तुटीविषयी काय बोलतो, काय टाळतो आणि निवडून आल्यावर त्याचे काय करतो, हे पाहण्यासाठी त्या निवडणुकीइतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

महापौराच्या हाती काय असते?

आपल्याकडील वाचकाला महापौरपदाचा उमेदवार आणि तूट यांचा संबंध चटकन उमगणार नाही. मुंबईत महापौर हा मुख्यतः सभागृहाचा अध्यक्ष असतो. अर्थसंकल्पाचे अंदाज तयार करतो तो आयुक्त आणि ते मांडले जातात स्थायी समितीपुढे. १९९८ मध्ये मुंबई व नागपूर येथे 'मेयर-इन-कौन्सिल' पद्धत आणून महापौराला कार्यकारी अधिकार देण्याचा प्रयोग झाला होता. तो अल्पावधीतच गुंडाळण्यात आला. परिणामी आपल्या पालिका निवडणुकांत उत्पन्नवाढीची भाषा कोणी फारशी करीत नाही. करमाफीची भाषा मात्र होते. मुंबईतील पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करण्याचे आश्वासन २०१७ च्या निवडणुकीत देण्यात आले आणि २०२२ मध्ये ते अमलात आले. त्याच २०१७ मध्ये, १ जुलैपासून, जकात बंद होऊन पालिकेचे सर्वांत मोठे उत्पन्न राज्याकडून येणाऱ्या भरपाईत रूपांतरित झाले होते. या दोन गोष्टींची एकत्र बेरीज-वजाबाकी प्रचारसभांत कोणी मांडल्याचे फारसे दिसले नाही.

न्यूयॉर्कची रचना निराळी आहे. तेथे महापौराला मतदार थेट निवडून देतात आणि पोलीस, अग्निशमन दल, सफाई, ग्रंथालये, रुग्णालये यांना किती पैसा मिळणार याचा आराखडा तोच मांडतो. त्याच्या अधिकारालाही मर्यादा आहे. मालमत्ता कराचा दर महापौर आणि नगर परिषद मिळून ठरवू शकतात. परंतु आयकर किंवा विक्रीकर बदलायचा झाला, तर ऑल्बनी येथील राज्य विधिमंडळाची संमती लागते. सत्तरच्या दशकात यात आणखी एक भार होता. गरिबांना द्यावयाचे साहाय्य आणि त्यांचा वैद्यकीय खर्च यांचा सुमारे चौथा हिस्सा न्यूयॉर्क शहराला स्वतःच्या उत्पन्नातून भरावा लागे. अमेरिकेतील बहुतेक मोठ्या शहरांवर असे ओझे नव्हते. त्यातच कारखाने आणि नोकऱ्या शहराबाहेर जात होत्या. १९६९ नंतरच्या सात-आठ वर्षांत पाच लाखांहून अधिक रोजगार गेले, आणि १९७० ते १९८० या दशकात शहराची लोकसंख्या सुमारे आठ लाखांनी घटली. कर भरणारे गेले, साहाय्याची गरज असलेले राहिले.

कागदावर जुळलेला जमाखर्च

तरीही शहराचा अर्थसंकल्प दर वर्षी कागदावर जुळत होता. कायद्यानेच तसे बंधन होते. तो कसा जुळवला जात होता, यातच १९७५ च्या संकटाचे मूळ आहे.

पूल, शाळा, जलवाहिन्या अशा दीर्घकाळ टिकणाऱ्या कामांसाठी कर्ज काढणे यात गैर काही नाही. न्यूयॉर्कमध्ये मात्र या भांडवली खर्चाच्या खात्यात हळूहळू पगार आणि दैनंदिन खर्च ढकलले जाऊ लागले. घर बांधण्यासाठी काढलेल्या कर्जातून वाण्याचे बिल भागवावे, तसा हा प्रकार होता. दुसरी युक्ती अपेक्षित उत्पन्नाची होती. पुढे येणाऱ्या कराच्या भरवशावर शहर अल्पमुदतीच्या हुंड्या काढीत असे. यातही मुळात वावगे नाही, कारण कर विशिष्ट महिन्यांत येतो आणि पगार दर पंधरवड्याला द्यावा लागतो. पण या हुंड्या ज्या येणे रकमांवर काढल्या जात, त्यांत ओस पडलेल्या इमारतींवरील कराची थकबाकी होती. एवढेच नव्हे, तर खुद्द शहराच्याच मालकीत आलेल्या मालमत्तांवरील करही धरलेला होता. जो कर कधीच येणार नव्हता, त्याच्या जोरावर कर्ज घेतले जात होते. मुदत संपली की जुनी हुंडी फेडण्यासाठी नवी काढायची. शिवाय उत्पन्न 'देय झाले' तेव्हा जमा दाखवायचे आणि खर्च प्रत्यक्ष रक्कम दिल्यावरच मांडायचा, अशी हिशेबाची सोयीस्कर पद्धत होती. १९७५ पर्यंत अशा अल्पमुदतीच्या कर्जाचा डोंगर सुमारे सहा अब्ज डॉलरचा झाला होता.

या पद्धतीचा आरंभ बीम यांनी केला नाही. त्यांच्या आधीचे रॉबर्ट वॅग्नर आणि जॉन लिंडसे या महापौरांच्या काळात ती रुजली होती. मात्र बीम त्या काळातही हिशेबाच्या खुर्चीवर होते, हे विसरता येत नाही. तूट आहे हे जाणणे निराळे आणि ती मतदारांपुढे मांडणे निराळे. बीम यांच्या उमेदवारीत पहिल्या गोष्टीची जाहिरात होती. दुसरी गोष्ट त्यांनी केली नाही.

१९७५ च्या वसंतात बँकांनी शहराचे रोखे घेणे थांबवले. जूनमध्ये गव्हर्नर ह्यू केरी यांच्या पुढाकाराने शहरासाठी कर्ज उभारणारे एक स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. गुंतवणूक व्यावसायिक फेलिक्स रोहॅटिन हे त्यामागील प्रमुख सूत्रधार. १ जुलैला हजारो कर्मचाऱ्यांना घरी पाठवण्यात आले. त्यांत सुमारे पाच हजार पोलीस होते. सफाई कामगारांनी संप केला, रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. सप्टेंबरमध्ये भुयारी रेल्वेचे तिकीट ३५ सेंटवरून ५० सेंट झाले आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने नियंत्रण मंडळ नेमून शहराच्या खर्चावर आपला अंकुश ठेवला. निवडून आलेला महापौर आपल्याच अर्थसंकल्पासाठी अन्य कोणाची मंजुरी घेऊ लागला.

१७ ऑक्टोबर १९७५ हा दिवस तर शहर दिवाळखोर होण्याचाच होता. त्या दिवशी ४५ कोटी डॉलरहून अधिक देणी द्यायची होती आणि तिजोरीत साडेतीन कोटींच्या आसपास शिल्लक होती. शहर देणी भागवू शकत नाही, असे महापौरांचे निवेदन आदल्या रात्रीच तयार करून ठेवण्यात आले होते. अखेरच्या क्षणी शिक्षक संघटनेचे नेते अल्बर्ट शँकर यांनी शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीतून १५ कोटी डॉलरचे रोखे घेण्यास होकार दिला आणि ते निवेदन प्रसिद्ध करण्याची वेळ आली नाही. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी मदतीस नकार दिल्यावर 'डेली न्यूज'ने ३० ऑक्टोबरला छापलेला 'फोर्ड म्हणतात, शहराने मरावे' या अर्थाचा मथळा आजही उद्धृत होतो. फोर्ड यांनी ते शब्द उच्चारले नव्हते. डिसेंबरमध्ये त्यांनीच शहराला वर्षाला २.३ अब्ज डॉलरपर्यंत हंगामी कर्ज देणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली.

सात उमेदवारांतील एक

या पार्श्वभूमीवर १९७७ ची निवडणूक आली. डेमोक्रॅटिक पक्षाचे प्राबल्य असलेल्या न्यूयॉर्कमध्ये खरी लढत त्या पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीतच होते. सात उमेदवार रिंगणात होते. बीम पुन्हा उभे होते. दोन वर्षांत आपण नोकरकपात केली, खर्च आवळला, शहर वाचवले, असे त्यांचे म्हणणे होते आणि त्यात तथ्य नव्हते असे नाही. प्रतिनिधिगृहाच्या माजी सदस्य बेला अॅबझग यांनी कामगारांची बाजू घेतली. सार्वजनिक सेवेतील कर्मचाऱ्यांच्या संपाच्या हक्काचेही त्यांनी समर्थन केले. मारियो कुओमो यांना गव्हर्नर केरी यांचा पाठिंबा होता.

एड कॉच हे मॅनहॅटनमधील प्रतिनिधिगृहाचे सदस्य. प्रारंभी त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. त्यांचे प्रचारप्रमुख डेव्हिड गार्थ यांनी दूरचित्रवाणीवर एक वाक्य सतत दाखवले : आठ वर्षे करिश्मा झाला, चार वर्षे पक्षाच्या अड्ड्यावरून कारभार झाला; आता कार्यक्षमतेला संधी का देऊ नये? आठ वर्षे लिंडसे यांची, चार बीम यांची. एका वाक्यात दोघांचा निकाल लावला होता.

कॉच यांच्या प्रचारात तुटीचे नेमके आकडे फारसे नव्हते. त्यांनी आकड्यांऐवजी तूट कोणाकडून भरून काढायची ते सांगितले. पालिका कर्मचाऱ्यांच्या संघटनांना आजवरच्या महापौरांनी प्रमाणाबाहेर दिले, आपण त्यांच्याशी कठोरपणे वागू. दारिद्र्यनिर्मूलनाच्या नावाखाली चालणाऱ्या कार्यक्रमांतील पैसा मध्यस्थ खातात, त्याला आळा घालू. शहराने ऐपतीत राहावे. उदारमतवादी म्हणून काँग्रेसमध्ये नाव मिळवलेल्या माणसाच्या तोंडी ही भाषा नवी होती. स्वतःला ते 'विवेक शाबूत असलेला उदारमतवादी' म्हणवून घेत. या कठोरपणाला त्यांनी मृत्युदंडाच्या समर्थनाची जोड दिली. मृत्युदंड देणे वा न देणे महापौराच्या अधिकारात मुळीच नाही, तरीही प्रचारसभांत त्यावर टाळ्या पडत. जुलैमध्ये वीज गेली, शहरभर लुटालूट झाली, आणि टाळ्या आणखी वाढल्या. कठोर अर्थकारण आणि कठोर कायदा-सुव्यवस्था यांचे असे मिश्रण मतदारांना पाजणे अप्रामाणिक होते, असे प्रस्तुत प्रतिनिधीला वाटते. परंतु संघटनांविषयीचा त्यांचा मुद्दा स्पष्ट होता आणि त्याची राजकीय किंमत मोजण्याची त्यांची तयारी होती.

२६ ऑगस्टला, मतदानाला दोन आठवडेही उरले नसताना, अमेरिकेच्या रोखे नियामक आयोगाच्या कर्मचाऱ्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. शहराची खरी स्थिती दडवून गुंतवणूकदारांना रोखे विकले गेल्याबद्दल त्यात बीम यांच्यासह अनेकांवर ठपका होता, बँकांवरही होता. हा अहवाल राजकीय हेतूने काढल्याचा आरोप बीम यांनी केला. ८ सप्टेंबरच्या मतदानात कॉच यांना सुमारे २० टक्के, कुओमो यांना १९ आणि बीम यांना १८ टक्के मते मिळाली. कोणालाच ४० टक्के न मिळाल्याने ११ दिवसांनी दुसरी फेरी झाली. तीत हार्लेममधील प्रमुख कृष्णवर्णीय नेत्यांनी कॉच यांना पाठिंबा दिला. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कॉच दुसरी फेरी जिंकले आणि नोव्हेंबरमध्ये महापौर झाले.

शब्द आणि किंमत

सत्तेवर आल्यावर कॉच यांना सर्वप्रथम वॉशिंग्टनला जावे लागले. तीन वर्षांचे हंगामी कर्ज १९७८ मध्ये संपत होते आणि सिनेटच्या बँकिंग समितीचे अध्यक्ष विल्यम प्रॉक्समायर पुढील मदतीच्या विरोधात होते. अर्थसंकल्प खऱ्या अर्थाने संतुलित होईल, अशी चार वर्षांची योजना शहराने सादर केली. ऑगस्ट १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी न्यूयॉर्कच्या सिटी हॉलसमोर येऊन १.६५ अब्ज डॉलरच्या कर्जहमीच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्या योजनेतील कपातीचे बोल आता कायदेशीर बंधन झाले होते. राज्याच्या आणीबाणी कायद्यानुसार १९८१-८२ या वर्षापासून सर्वमान्य हिशेबतत्त्वांनुसार, म्हणजे युक्त्या वगळून, जमाखर्च जुळणे सक्तीचे होते. कॉच यांनी तो एक वर्ष आधीच जुळवला.

कॉच यांचा कठोरपणा बोलण्यात होता तितका करारांत नव्हता, असे म्हणण्यास जागा आहे. एप्रिल १९८० मध्ये वाहतूक कर्मचाऱ्यांनी अकरा दिवस संप केला. कॉच ब्रुकलिन पुलावर उभे राहून पायी कामावर निघालेल्या लोकांना उत्तेजन देत होते. त्या चित्रांनी ते लोकप्रिय झाले. पण वेतनाचा करार राज्याच्या अखत्यारीतील वाहतूक मंडळाने केला आणि त्यात पहिल्या वर्षी नऊ व दुसऱ्या वर्षी आठ टक्के वाढ द्यावी लागली. रस्त्यावर शहर जिंकले, वाटाघाटीत मंडळ हरले, असे कॉच म्हणत राहिले.

खरी कपात झाली ती जिथे संघटनेचे बळ कमी होते तिथे. पुलांच्या आणि भुयारी रेल्वेच्या देखभालीचा पैसा आधीच्या संकटकाळात मागे पडला होता. पूल संपावर जात नाही. १९८८ च्या एप्रिलमध्ये गंजामुळे धोकादायक झालेला विल्यम्सबर्ग पूल वाहतुकीस बंद करावा लागला, तेव्हा त्या बचतीचे बिल आले.

दुसरे बिल हार्लेमने भरले. सिडनहॅम हे तेथील सुमारे १२० खाटांचे सार्वजनिक रुग्णालय. चाळीसच्या दशकात कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय डॉक्टरांना एकत्र काम करू देणाऱ्या पहिल्या काही रुग्णालयांत त्याची गणना होती. अन्य रुग्णालयांत ज्या कृष्णवर्णीय डॉक्टरांना प्रवेश नव्हता, त्यांना सिडनहॅमने रुग्ण दाखल करून घेण्याचा हक्क दिला होता. खाटा थोड्या, इमारत जुनी, तोटा मोठा, हे कॉच यांच्या अधिकाऱ्यांचे गणित होते; वैद्यकीय दृष्ट्या ते अगदीच निराधार नव्हते. सप्टेंबर १९८० मध्ये नागरिकांनी रुग्णालयात ठाण मांडले, पोलिसांशी झटापटी झाल्या आणि वर्ष संपण्यापूर्वी ते बंद झाले. ईस्ट हार्लेममधील मेट्रोपॉलिटन रुग्णालय बंद होणाऱ्यांच्या यादीत होते, ते केंद्र सरकारच्या पैशामुळे वाचले. सिडनहॅममधून वाचलेला पैसा शहराच्या अब्जावधींच्या खर्चात नगण्य होता. ज्या वस्तीच्या नेत्यांनी दुसऱ्या फेरीत कॉच यांना हात दिला, तेथील मतदार त्यांच्यापासून कायमचा दुरावला. कॉच १९८१ मध्ये डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन अशा दोन्ही पक्षांची उमेदवारी घेऊन सुमारे ७५ टक्के मतांनी पुन्हा निवडून आले. मात्र पद सोडल्यानंतर अनेक वर्षांनी, सिडनहॅम बंद करणे चूक होती, त्या डॉक्टरांना दुसरी जागा नव्हती हे आपल्या ध्यानात आले नाही, अशी कबुली त्यांनी दिली.

करवाढ नाही, म्हणाले होते

१९७५ च्या कायद्याचा परिणाम पुढच्या उमेदवारांवरही झाला. तूट लपवण्याची वाट बंद झाल्यामुळे आश्वासनाचे आयुष्य कमी झाले. २००१ मध्ये मायकेल ब्लूमबर्ग रिपब्लिकन पक्षातर्फे उभे राहिले तेव्हा करवाढ करणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर दोन महिन्यांनी ते निवडून आले. पदभार घेताच सुमारे पाच अब्ज डॉलरची तूट समोर होती. पहिल्या वर्षी राज्याच्या परवानगीने दीड अब्ज डॉलर कर्ज काढून आणि सिगारेटवरील शहराचा कर पाकिटामागे आठ सेंटवरून दीड डॉलर करून त्यांनी वेळ मारून नेली. काच आणि प्लास्टिकच्या पुनर्वापराची योजनाही काही काळ थांबवली. नोव्हेंबर २००२ मध्ये मात्र मालमत्ता करात २५ टक्के वाढीचा प्रस्ताव त्यांनी नगर परिषदेपुढे ठेवला आणि १८.५ टक्क्यांवर तडजोड झाली. पुढच्या वर्षी सहा अग्निशमन केंद्रे बंद झाली. २००३ च्या उन्हाळ्यात 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पाहणीत त्यांच्या कारभाराला पसंती देणारे २४ टक्केच निघाले.

ब्लूमबर्ग यांनी शब्द मोडला, पण उघडपणे आणि निवडणुकीला तीन वर्षे असताना मोडला. अर्थव्यवस्था सावरताच २००४ मध्ये त्यांनी घरमालकांना ४०० डॉलर परत देण्याची योजना आणली. २००५ मध्ये ते सहज निवडून आले. धूर्तपणा यात नव्हता असे कोण म्हणेल? तरी बँकांनी दरवाजा लावेपर्यंत थांबण्यापेक्षा हे बरे, असे तेथील मतदाराने ठरवलेले दिसते. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या त्या महामंडळाच्या कर्जाची अखेरची फेड २००८ मध्ये, ब्लूमबर्ग यांच्याच कारकिर्दीत झाली.

नोव्हेंबर २०२५ मध्ये निवडून आलेले झोहरान ममदानी, म्हणजे चित्रपट दिग्दर्शिका मीरा नायर यांचे पुत्र, यांनी कॉच यांच्या नेमक्या उलट दिशेने बोट दाखवले. मोफत बससेवा आणि बालसंगोपन यांचा खर्च वर्षाला दहा लाख डॉलरहून अधिक कमावणाऱ्यांवरील दोन टक्के वाढीव आयकरातून आणि कंपन्यांवरील वाढीव करातून काढावा, असे त्यांनी प्रचारात सांगितले. कोण देणार हे त्यांनीही कॉच यांच्याइतक्याच स्पष्टपणे सांगितले. मात्र हे दोन्ही कर वाढवण्याचा अधिकार महापौराकडे नाही, ऑल्बनीकडे आहे. प्रचारकाळात त्यांना पाठिंबा देणाऱ्या गव्हर्नर कॅथी होकल यांनी आयकर वाढवण्यास मात्र विरोध दर्शवला होता. ऑल्बनीतील निर्णय लवकर होवो वा उशिरा, शहराचे आर्थिक वर्ष १ जुलैलाच सुरू होते आणि त्यासाठी मंजूर होणाऱ्या अर्थसंकल्पात जमा आणि खर्चाचे आकडे सारखे असावे लागतात.